बाईंनी शहराचं पाणी बंद केलं

४ मार्च, मंगळवार

बाईंनी अख्ख्या शहराचं पाणी बंद केलं! लिहितोय, तरी खरं वाटत नाही.

सकाळी प्रयोगशाळेतली केमिस्ट आली. नवीन लागलेली पोरगी, चार शब्द बोलायचे तर दोन गिळते. शुद्ध करून सोडलेल्या पाण्याच्या कालच्या नमुन्यात जंतू दिसतायत म्हणाली. पक्कं सांगायला दुसरी चाचणी हवी आणि तिचा निकाल परवा. मी म्हटलं, परवापर्यंत थांबू. मी इथला उपअभियंता, केस इथेच पिकले. अशा खोट्या हुली पाहिल्यात. बाईंनी मला एवढंच विचारलं, "आणि तोवर लोकांनी काय प्यायचं?"

त्यांनी फोन उचलून मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं. पाणीपुरवठा मंडळाच्या अध्यक्षांना कळवलं — पण त्यानंतर!

बाई आमच्या मुख्य अभियंता. कुणाच्या लाडक्या वगैरे नाहीत. कप विसळून जागेवर ठेवला नाही तरी ऐकवतात. पाठीमागे आम्ही त्यांना 'गाळणी' म्हणतो — काहीच सुटत नाही म्हणून.

५ मार्च

सगळं शहर आम्हाला पाण्यात पाहतंय — तेही नळाला थेंब नसताना.

मंडळाचे अध्यक्ष आले होते. त्यांचं म्हणणं, जंतूंचा शब्द काढू नका, पाइपलाइनची दुरुस्ती चाललीय म्हणा. बाई म्हणाल्या, दुरुस्ती म्हटलं तर लोक घरात भरून ठेवलेलं पाणी पितील. अध्यक्ष पाय आपटत गेले.

मग बाई स्वतः जीपमध्ये बसल्या, हातात भोंगा घेऊन. गाडी मी चालवत होतो. गल्लोगल्ली एकच वाक्य — पाण्यात दोष असल्याची शंका आहे, साठवलेलं पिऊ नका, टँकर येतोय. प्रत्येक वेळी 'शंका आहे' म्हणाल्या. मी सुचवलं, 'दोष आहे' असंच म्हणा, लोक घाबरून ऐकतील. नाही म्हणाल्या. अजून माहीत नाही ते कसं सांगणार?

एका कोपऱ्यावर वरच्या मजल्यावरून कुणीतरी भांड्यांचं खरकटं पाणी ओतलं. बाईंची बाही भिजली. मी ब्रेक दाबला. त्यांनी बाही पिळली, म्हणाल्या, चला, पुढची गल्ली राहिलीय.

इस्पितळाच्या फाटकाशी एका माणसाने जीपचं दार धरलं. त्याची आई आत दाखल. तो वाट्टेल ते बोलला. बाई खाली उतरून त्याचं बोलणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग पहिला टँकर तिकडे वळवला.

घरी आलो तर ही म्हणाली, तुमच्या गाळणीपायी धुणं तुंबलंय. का कोण जाणे, आज 'गाळणी' ऐकवलं नाही.

६ मार्च

निकाल आला. पाणी स्वच्छ. पहिल्यापासूनच स्वच्छ होतं!

नमुन्याची बाटलीच नीट उकळलेली नव्हती. जंतू बाटलीतले. केमिस्ट भिंतीला टेकून रडत होती. अध्यक्षांचा निरोप — उद्या लोकांसमोर या आणि चूक करणाऱ्याचं नाव सांगा.

मला तोड सुचली. म्हटलं, बाई, जंतू होते आणि आपण ते मारले, असं सांगू. कोण तपासणार? लोक डोक्यावर घेतील, पोरगीही वाचेल. सगळ्यांचंच भलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "आज खोटं बोलले, तर पुढच्या वेळी मी 'पिऊ नका' म्हटल्यावर त्यांनी का ऐकावं?"

७ मार्च

सभागृहात मुंगीला जागा नव्हती. माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. बाई उभ्या राहिल्या आणि सरळ सांगून टाकलं — पाणी चांगलं होतं. आमची चाचणी चुकली. तुमचे हाल झाले, त्याबद्दल माफी मागते. पण उद्या पुन्हा अशी शंका आली, तर पुन्हा बंद करीन.

मग जो गलका उठला! अध्यक्ष माइक ओढून म्हणाले, चुकलं कोण ते सांगा. मागून लोकही तेच ओरडू लागले, नाव सांगा, नाव सांगा. शेवटच्या रांगेत केमिस्ट उठायला लागली. बाईंनी तिला हातानेच बसवलं.

"खात्याच्या खुर्चीत मी बसते," म्हणाल्या. "तेव्हा नाव माझंच."

आवाज चढला नव्हता, हात जोडले नव्हते. रोज कपावरून बोलतात त्याच सुरात बोलल्या. इतकी वर्षं साहेब लोकांच्या हाताखाली काढली. साहेब म्हणजे काय, हे आज पाहिलं.

८ मार्च

डोळा लागला नाही. त्या जागी मी असतो तर?

१२ मार्च

बाईंना काढलं. कारण — विनाकारण घबराट पसरवली. खुर्ची तात्पुरती माझ्याकडे.

जायच्या दिवशी कुठे असाव्यात? प्रयोगशाळेत. केमिस्टच्या शेजारी उभं राहून बाटल्या कशा उकळायच्या ते दाखवत होत्या. उपदेश एक शब्दाचा नाही. मग डबा उचलला आणि निघाल्या. मी फाटकापर्यंत सोबत गेलो. जाता जाता म्हणाल्या, तीन नंबरचा पंप कुरकुरतोय, बघून घ्या.

२० मे

केमिस्ट दार न वाजवता धावत आत आली. पुन्हा नमुन्यात जंतू. या वेळी बाटली नीट उकळलीय, म्हणाली, तरी चुकतही असेन. एकदा पोळलेली पोरगी — गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं?

पाणी बंद केलं.

भोंगा घेऊन निघालो, शिव्या खायची तयारी ठेवून. एक म्हातारे गृहस्थ जीपजवळ आले. म्हणाले, त्या बाईंचंच खातं ना हे? मग खरं सांगत असाल. वळून बायकोला हाक मारली — अगं, भरलेलं पाणी ओतून टाक.

२२ मे

दुसरा निकाल आला. या वेळी जंतू खरे होते.