मातांना विसावा

रविवार, २ डिसेंबर १९७३

ठराव झाला. आणि तोही एकमताने! उपासना संपल्यावर पंचांची सभा भरली आणि नऊ पुरुषांनी अर्ध्या तासात ठरवून टाकलं — यंदाचा नाताळ 'कामकरी मातांना सोपा' करायचा. कुठल्याशा मासिकात लेख आलाय म्हणे. नोकरी करणाऱ्या आयांची सणात फार ओढाताण होते, असं त्यात छापलंय. छापून आलं तेव्हा ह्यांना कळलं! अकरा वर्षं एकाच घरात राहून कळलं नव्हतं.

हे कमिटीचे सेक्रेटरी. घरी आले ते खुशीतच. "यंदा घरोघर चूल नाही. चर्चच्या आवारात सगळ्यांचं एकत्र जेवण. आयांना विसावा!"

मी विचारलं, "दीडशे माणसांचा स्वयंपाक कोण करणार?"

"महिला मंडळ करेल की."

म्हणजे आम्हीच! सहा माणसांच्या चुलीवरून उठवून दीडशेंच्या चुलीपुढे बसवायचं, आणि वर त्याला विसावा म्हणायचं! मी भांडी आपटली. पाच-सहा तरी आपटली असतील.

बुधवार, ५ डिसेंबर

शाळेत चौपन्न मुलं, चाचणीचे पेपर तपासायचे पडलेत. शाळा सुटल्यावर रॉकेलच्या रांगेत दीड तास. नंबर आला आणि रॉकेल संपलं. घरी आले तर हे कुपवाडच्या कारखान्यातून माझ्या आधी येऊन चहाची वाट बघत बसलेले. स्टोव्ह कोरडा, त्याला मी काय करू!

त्यात आत्याबाईंचं सुरू — "दिवाळीत अकरा घरची ताटं आल्याती. आपुन रिकामी धाडायची व्हय?" माझ्या सासूबाईंना ठराव-बिराव काही माहीत नाही. त्यांच्या लेखी नाताळ म्हणजे करंजी. विकतचं आणू म्हटलं तर असं बघतात, जणू मी शेजाऱ्यांना ताटातून माती पाठवणार आहे.

ट्रंकेत शाली शोधताना त्यांचं इरकली लुगडं दिसलं. तीन वर्षांपूर्वी नाताळला मी घेतलेलं. अजून घडी मोडलेली नाही! सुनेनं आणलेलं ना, मग कसं नेसतील? इतकं लागलं मनाला.

रविवार, ९ डिसेंबर

आनंद! पाळकसाहेबांनी थांबवून विचारलं, "अंजनाबाई, नाताळच्या उपासनेत जन्माचा पाठ तुम्ही वाचाल का?" आजवर आमच्याकडे हा पाठ बाईनं वाचलेला नाही. मी लगेच हो म्हटलं!

लग्न होऊन सांगलीत आल्यापासून मी नाताळची उपासना पुरी ऐकलेली नाही. दुसरं गीत झालं की हळूच उठायचं, घर गाठायचं, मटणाखाली जाळ सारायचा. शेवटचा आशीर्वाद कधी कानावर पडत नाही. यंदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसणार!

संध्याकाळी मंडळाचा कागद आला. 'अंजनाबाई — पुऱ्या, ८ ते ११.' उपासना साडेनऊला. छान!

रविवार, १६ डिसेंबर

आज सभेत उभी राहिले. म्हटलं, "विसावा द्यायचाय ना? मग स्वयंपाक पुरुषांनी करावा. नाहीतर ठरावातून तो शब्द खोडा."

आधी सगळे हसले. मी बसत नाही हे बघितल्यावर हसू बंद झालं. आप्पासो पंच म्हणाले, "आवं बाई, आमाला मीठ कुठल्या डब्यात असतंय त्ये तरी ठावं हाय का?"

"मग दीडशे माणसं अळणी जेवतील!"

मागच्या बाकांवरून बायकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या! पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि ठरलं — चुली पेटवण्यापासून पुऱ्या तळण्यापर्यंत सगळं पुरुषांनी करायचं. हे इतिवृत्तात लिहून घेताना ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. वाटलं, बाईमाणूस आहे, जरा पाठ थोपटेल. तर म्हणाल्या, "बापय मानसं काय रांधत्याल गं? हात भाजून घेत्याल." काळजी कुणाची, तर लेकाच्या हाताची! माझ्या बाजूने एक शब्द नाही.

गुरुवार, २० डिसेंबर

करंज्या एकशे दहा. पाठ गेली. आत्याबाई म्हणाल्या, "पारी जाड झाली." धन्य!

शनिवार, २२ डिसेंबर

केकचे डबे बेकरीच्या भट्टीवर भाजून आणले. आमच्या डब्यांच्या बुडाला खिळ्याने नाव कोरलेलं आहे, तरी मागच्या वर्षी अदलाबदल झाली आणि दुसऱ्याच घरचा करपलेला केक आमच्या नशिबी आला. म्हणून यंदा तिथेच उभी राहिले. रांगेत सगळ्या आयाच! बाप एकही नाही. उभ्या उभ्या पाठ मनात घोकला. आता न बघता येतो.

आत्याबाईंना म्हटलं, "नाताळला पुढच्या बाकावर बसा. मी वाचणार आहे."

"बघू," म्हणाल्या.

बघू! दर वर्षी हेच. नाताळच्या दिवशी त्यांना घरातली चूल सोडवत नाही. मी परत आले की झारा हातात घेऊन उभ्या असतात — चूल म्हणजे राज्य आहे त्यांचं. यंदा चूलच नाही, तरी 'बघू'!

सोमवार, २४ डिसेंबर

आत्याबाई दिवेलागणीलाच झोपल्या. अंग दुखतंय म्हणे. आजच दुखायचं होतं!

मंगळवार, २५ डिसेंबर

वाचला!! एकदाही अडखळले नाही. मेंढपाळांच्या भागाशी आले तेव्हा सगळं चर्च चिडीचूप होतं. एकच कुणाचं तरी मूल खोकत होतं. मग बाकावर बसून राहिले. दुसरं गीत झालं, तिसरं झालं, उपदेश झाला, आशीर्वाद झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा सगळं ऐकलं.

पण आत्याबाईंची जागा रिकामी. मी उठले तेव्हा त्या घरात नव्हत्या. वाटलं, पुढे येऊन बसल्या असतील. कुठल्या! वाचताना दोनदा मान वर करून बघितलं. जेवायला मात्र आल्या, अगदी शेवटच्या पंगतीला, डोळे लाल करून. विचारलं, "कुठं होता?" तर म्हणाल्या, "हितंच." सुनेचं कौतुक बघवत नाही, दुसरं काय!

जेवण मात्र फर्मास. पुऱ्या टम्म फुगलेल्या. पुरुषमंडळी खांद्यावर पंचे टाकून वाढत होती. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. आप्पासो मुद्दाम माझ्या पानाशी आले, "बगा बाई, मीठ बराबर हाय न्हवं?" बरोबर होतं. कबूल करावं लागलं. हेही मान खाली घालून भात वाढत गेले. म्हटलं, लाजताहेत.

बुधवार, २६ डिसेंबर

आत्याबाईंशी बोलले नाही. दिवसभर.

गुरुवार, २७ डिसेंबर

शेजारच्या चंद्राबाई सकाळी दारात. "तुज्या सासूनं परवा नेल्याला माजा झारा दे की." म्हटलं, कसला झारा? तेव्हा त्यांच्याकडून कळलं. पुरुषांनी रविवारी करून बघितलं, जमेना. हे आईकडे गेले — "एवढं निभावून ने, अंजनाला सांगू नको." पहाटे चार वाजल्यापासून आत्याबाईंसकट सात म्हाताऱ्या चर्चच्या मागे धुरात बसल्या होत्या. पुरुषांनी नुसतं वाढलं! ह्यांच्याशी बोलायचं अजून बाकी आहे.

आत्याबाईंना विचारलं, मला का नाही उठवलं? "तू वाचनार हुतीस न्हवं? तुला कशी उटवू?" आणि लुगडं? "त्ये चर्चात नाताळला नेसायचं म्हून ठिवलंय गं. धुरात कशापायी नेसू?" लग्नापासून चाळीस वर्षं त्यांनी नाताळची उपासना ऐकलेली नाही. मी माझी अकरा मोजत होते!

संध्याकाळी त्यांनी स्वतःच लुगड्याची घडी मोडली. नेसून, डोक्यावर पदर घेऊन चुलीपुढेच पाटावर बसल्या.

"वाच आता," म्हणाल्या. "पयल्यापासनं."