तीन दिवस उघडा राहिलेला दरवाजा

मी, करणसिंग भटेसिंग गिरासे, वय ७१, तापीवरच्या बंधाऱ्याचा निवृत्त गेटमन, राहणार तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवतो. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. एका गोष्टीबाबत मात्र माझा पंधरा वर्षांचा गोंधळ आहे. तो कलम तीनमध्ये लिहितो.

१. राहते घर पत्नी रंजनाबाई हिच्या हयातीत तिचे, नंतर मुलगी हेमांगी हिचे. बँकेतली ठेव दोघींना निम्मी-निम्मी.

२. पाण्याची एक नवी मोटर घेऊन माझा धाकटा भाऊ भरत यास द्यावी. हेमांगीने स्वतः नेऊन द्यावी, गड्याबरोबर पाठवू नये.

३. २००९ च्या श्रावणात पाऊस उघडला आणि पाणी अडवण्याचा हुकूम आला. बंधाऱ्याखाली मासे धरणारा बाज्या धावत आला. “दादा, पानी बंद करू नको. महाशीर खडीवर अंडा टाकी ऱ्हायना.” महाशीर मासे खडीत अंडी घालत होते, पण मी हुकमाचा माणूस. सगळे दरवाजे खाली सोडून बंद केले. तिसऱ्या दिवशी त्याने मला हाताला धरून पात्रात नेले. खडी कोरडी, दगडांच्या फटीत अंडी वाळून पांढरी पडलेली.  

पुढच्या वर्षी तसाच हुकूम आला, तेव्हा एक दरवाजा मी तीन दिवस हातभर उघडा ठेवला. कोणालाही विचारले नाही, सांगितले नाही. दरवाजे बंद असणार असे धरून भरतने पात्रात मोटर मांडली होती. ती वाहून गेली. “तुले भाऊ मोठा का मासा?” माशांसाठी दरवाजा उघडा ठेवला हे कळल्यावर त्याने बंधाऱ्यावर येऊन विचारले.  तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. पाटबंधारे खात्याची नोटीस आली, ती वेगळीच.

भाद्रपदात बाज्याने खडीतल्या पाण्यात बोटाएवढी पिल्ले दाखवली. मत्स्य खात्याचे साहेब म्हणाले, ही दुसऱ्या जातीची असतील, महाशीर इथे उरला नसावा. बाज्या म्हणाला, “मी वळखस.” दोघांपैकी खरे कोण? भरतचे नुकसान मी कशापायी केले, हे मला आजही कळत नाही.

४. माझी लहान होडी बाज्यास द्यायची होती, आणि साक्षीलाही तोच हवा होता. वकील भूमिका पाटील म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मी बाज्याला तसे सांगितले.

“साक्षीदार म्हंजे?”

“ज्यानी सोताना डोयाघाई देखं, तो.”

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तो साक्षीदार, हे त्याने ऐकले. मग म्हणाला, “होडी ऱ्हाऊ दे. मी देखेल शे ना.”

वकीलबाईंनी त्याला दोनदा समजावले, की साक्ष फक्त माझ्या सहीची आहे. त्याने मान हलवली आणि शाईचे पॅड स्वतःकडे ओढले. तो नेमकी कशाची साक्ष देतो आहे, हे मी विचारले नाही. होडी आता हेमांगीची.

सही: करणसिंग भटेसिंग गिरासे

साक्षीदार:
१. भूमिका पाटील, वकील (सही)
२. बाज्या, मासेमारी (डाव्या हाताचा अंगठा)

शहादा, १४ ऑगस्ट २०२५