डॉक्टरांच्या शोकसभेत मी गप्प बसलो

गोंदिया, १२ नोव्हेंबर १९५६

शिसारी आली आज. सर्जन डॉक्टरांच्या शोकसभेत कुसुमचे वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब ऑपरेशनं आटोपली की भजनं ऐकत." भजनं! माझं अपेंडिक्स काढल्यावर डॉक्टरांनी मला घरी बोलावून जॅझच्या तबकड्या ऐकवल्या होत्या. ट्रंपेट सुरू झालं की त्यांचे पाय थांबत नसत. तेव्हा हेच काका म्हणायचे, "पागल झाला डॉक्टर! काऊन हे बोंबलणं ऐकून राहिला?"

शेजारी बसलेला माझा मित्र गणपत कुजबुजला, "बोल ना बे! तुले तं सारं मालूम आहे."

प्रोफेसरांशी भांडून कॉलेज सोडणारा मी, उठणारच होतो. पण समोर कुसुम बसली होती. तिच्या बापाला चारचौघांत खोटं पाडलं, तर ते मला मुलगी देतील?

निघताना काकांनी विचारलं, "कसं झालं भाषण, बाबू?"

मी म्हणालो, "अगदी खरं बोललात, काका."