समासातली शंका

ता. ९, रविवार, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, तूही असशील. एवढं लिहून झालं. पुढचं लिहायला हात धजत नाही, म्हणून आधी बातम्या.

तू पाठवलेलं स्टूल पोचलं. आई आल्यागेल्याला दाखवते, "थोरलीने स्वतः केलंय. तात्पुरतंच शिकतेय म्हणा सुतारकाम." ते 'तात्पुरतं' दोन वर्षं झाली तरी तिच्या तोंडून जात नाही. तुझी मेडिकलची पुस्तकं दर रविवारी पुसून ठेवते. परवा शेजारच्या काकूंना म्हणाली, "पोरीने रात्रीचा दिवस केला हो, नशिबानेच दगा दिला." मी तिथेच होते, मिठाची गुळणी धरून.

दुसरी बातमी, मी कादंबरी लिहिलीय. हसू नकोस. कवितेत आहे. सोळा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट, चाळीस कवितांत. गद्य लिहायला बसले की मी निबंधातल्यासारखी शहाणी होते. ओळ मध्येच तोडता आली की जरा खरं बोलता येतं. भाषेच्या बाईंना ती इतकी आवडली की शाळा तिची पुस्तिका छापतेय.

आता खरं काय ते सांगते. ती मुलगी मी नाही.

म्हणजे, मीच असणार होते. पण 'मी' असं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. मला काय हवंय, मी कुणासारखी आहे, काही म्हणजे काही नाही. आणि तुझ्याकडे अख्खी गोष्ट होती. प्रवेश परीक्षेच्या दिवशी तू आत गेलीच नाहीस, केंद्राच्या मागच्या उघड्या जिन्यावर तीन तास बसलीस, आणि घरी येऊन 'पेपर अवघड गेला' म्हणालीस, ती. 'माझी शपथ आहे' म्हणून फक्त मला सांगितलेली. मी ती उचलली. मुलीला चष्मा दिला, एक धाकटा भाऊ दिला, वाटलं, झालं काम, कोण ओळखणार!

छपाई बाबांच्याच प्रेसला जाईल हे माझ्या टाळक्यात आलं नाही. आणि बाबा प्रुफं कुठे तपासतात ते तुला माहीत आहे.

काल सकाळी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले. नेहमीसारखं आईच्या हातात मूळ प्रत, बाबांच्या हातात प्रूफ आणि पेन्सिल. तिने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, यांनी ताडून बघायचं. मी म्हटलं, मी तपासते ना. तर बाबा म्हणाले, "लिहिणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसत नसतात." मी पालेभाजी निवडायला घेतली आणि तासभर एकच जुडी निवडत राहिले.

आई वाचत सुटली. "मला आरशात, ओळ तोडली, ओळखीचं कुणी, ओळ तोडली, दिसत नाही, पूर्णविराम." मध्येच थांबून म्हणाली, "अगं, केवढा कागद कोरा सोडलायस! वाणसामानाची यादी मावली असती." बाबा हसले. मीही हसले. तिसावी कविता जवळ येत होती.

"आत घंटा झाली, पूर्णविराम. ओळ तोडली. मी जिन्यावर, पूर्णविराम. ओळ तोडली. तीन तास मी, ओळ तोडली, कुणाचीच मुलगी नव्हते..."

तिथे ती थांबली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता प्रत भिरकावणार.

बाबांनी मान वर केली नाही. "पूर्णविराम आहे का तिथे?"

"आहे," आई म्हणाली. मग त्याच ओळीवर बोट ठेवून, "ऊन लागलं असेल हो त्या मुलीला."

"पुढे वाच."

तिने शेवटपर्यंत वाचलं. चिन्हं म्हणायची राहत होती आणि बाबा टोकत नव्हते. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. आज रविवार. पुस्तकं पुसली नाहीत.

ताई, मी चुकले. मला माझी ओळख सापडेना, म्हणून मी तुझी चोरली. तू बोलणं टाकलंस तरी मला तक्रार करायला तोंड नाही. मला फार भीती वाटतेय.

पण एक तुला सांगायलाच हवं. बाबांचा नियम तुला पाठ आहे. लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात पेन्सिलने लिहायची, उत्तर लेखकाने द्यायचं. सबंध पुस्तिकेत त्यांनी एकच शंका काढलीय, एकतिसाव्या कवितेशी. तू सांगितलं होतंस तसंच मी तिथे लिहिलंय, की वॉचमन आला, काही न विचारता पाण्याची बाटली देऊन गेला, आणि त्या दिवशी तेवढाच एक माणूस तुझ्या बाजूचा वाटला.

समासात बाबांचं बारीक अक्षर आहे : "बाटली वॉचमनची नव्हती. त्याच्या हाती पाठवली होती. मजकूर असाच ठेवायचा का?"

आपण समजत होतो, तुला फाटकाशी सोडून ते प्रेसला गेले. दोन वर्षं ते आईचं 'नशीब' ऐकत गप्प बसलेत.

प्रुफं शुक्रवारी परत द्यायची आहेत. मी त्या शंकेखाली काही लिहिलेलं नाही, ते उत्तर माझं नाहीच. तू नको म्हणालीस तर दोन्ही कविता काढीन, बाईंना काय सांगायचं ते माझं मी बघेन. फक्त मला कळवू नकोस. प्रेसवर फोन कर. तिथला फोन बाबाच उचलतात.

तुझी
(इथे 'लाडकी' लिहिलं होतं, खोडलंय. ते तू ठरव.)
धाकटी