तळहातावरचं इंजिन

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा बसल्या जागेवरूनच). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजी अजून डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात का? इकडे आम्ही सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी, ही आणि इंजिन.

हो, इंजिन. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात. मी मागच्या खोलीत लोखंड कातायचा लेथ बसवला आणि पेट्रोलवर चालणारं, तळहातावर मावेल एवढं इंजिन करायला घेतलं. कागदावर ते फारच सोपं होतं. पहिला सिलिंडर मी इतक्या प्रेमाने कोरला, की हत्यार त्याच्याच भिंतीतून आरपार बाहेर आलं. दुसरा दिसायला देखणा, पण पिस्टन अर्ध्यात जाऊन रुसून बसायचा. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आवाजाची तक्रार करायला आले (दिवसभर लोकांच्या तोंडात हेच करतात, पण घरी सहन होत नाही) आणि सवयीने खिशातला छोटा आरसा काढून सिलिंडरच्या आत डोकावले. म्हणाले, "कीड नाही, पण तिरकं आलंय. काढावं लागेल."

काढला. तिसरा जमला. मग पिस्टनच्या कड्या. त्या बिस्किटासारख्या मोडतात, आणि जी मोडत नाही ती उडते. एक उडाली ती थेट हिच्या चहात. हिने ती चमच्याने काढून बशीत ठेवली आणि बशी माझ्यापुढे सरकवली. त्याच आठवड्यात उशीच्या अभ्र्यात लोखंडाचा कीस निघाला, तेव्हा मात्र हिने निर्वाणीचं सांगितलं. "महिनाअखेरपर्यंत हे सुरू झालं नाही, तर लेथ जाईल आणि त्या खोलीत मी बसेन."

शेवटच्या दिवशी सकाळपासून मी चाकाला दोरी गुंडाळून ओढत होतो. इंजिन शिंकायलाही तयार नाही. ठिणगीची वेळ बदलली, प्लग पुसला, हात जोडले. शेवटी खांदा निकामी झाला, तसा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. (रडलो नाही. डोळ्यांत ग्रीस गेलं होतं.) ही मागच्या खोलीत झाडू घेऊन गेली होती. थोड्या वेळाने हाक आली, "अहो, आणखी एकदा ओढून बघा."

केवळ तिच्या समाधानासाठी ओढली. आणि ताई, फट् फट् फट्! खिडकीची काच थरथरायला लागली. हिने धुराच्या नळीसमोर हात धरला, "अगं बाई, श्वास घेतंय," म्हणाली आणि लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायची तशी हसली. माझं ठिणगीचं गणितच शेवटी बरोबर निघालं. लेथ वाचला.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. लेथ वाचला, पण माझ्यासाठी नाही. आता ही दिवसभर त्या खोलीत असते, दोन सिलिंडरचं करायचं म्हणते, आणि मी स्वयंपाक करतो. आठ दिवस तुझ्याकडे जेवायला, म्हणजे राहायला, येऊ का?

ता.क. वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. ह्यांना खुशाल ठेवून घ्या, पंधरा दिवस ठेवलंत तरी चालेल. आणि ते गणित वगैरे काही नाही. पेट्रोलच्या टाकीची तोटी बंद होती, ती मी उघडली. ह्यांना सांगू नका, फार आनंदात आहेत.