सोल्युशनचा डबा

११ नोव्हेंबर
सांव मार्तिन्योचा सण! कारखान्याच्या अंगणात चेस्टनट भाजले, नवी वाइन उघडली. लुसीलियानं पेला बाजूला सारला. मी म्हटलं, "काय गं, मठात चाललीस का दिवस गेलेत?" पोरगी लालबुंद. लग्नाला सहा वर्षं — आता कुठं! तिसरा महिना. "देओलिंदामावशी, शपथ आहे, मालकाला कळू देऊ नका. डिसेंबरात माझं कंत्राट संपतंय."

१३ नोव्हेंबर
कामाच्या टेबलावर सगळ्याजणींना कळलं. (मी एकीलाच सांगितलेलं!) सगळ्यांनी तिला गळ्यातली किल्ली काढायला लावली — पोटुशीनं किल्ली अंगाशी ठेवली की पोराचा ओठ फाटका निघतो. मीच काढली, खुंटीवरच्या कोटात टाकली. मोठं पुण्य केलं. मग बसलो परत बुटांच्या तळव्यांना चिकटवायचं सोल्युशन फासत. डबा तिच्या नाकाखाली, उघडा.

२० नोव्हेंबर
सोल्युशन घट्ट झालं म्हणून तिनं थिनर ओतलं. गरगरलं, ओकली. मी म्हटलं, "मुलगाच आहे, आत्तापासून छळतोय." हसलो सगळ्या.

२४ नोव्हेंबर
कारखान्यात डॉक्टरीण आली, वर्षाची तपासणी. मी म्हटलं, "नीट ऐका बाई, काळीज अजून नवरा शोधतंय." हसली नाही. "सोल्युशनवर किती वर्षं?" एकतीस. "मुलं?" तीन गेली, पोटातच. "टेबलावरच्या बाकीच्यांचं?" आल्दाची दोन गेली. सेलेस्तला राहिलंच नाही... मोजता मोजता बोट थांबलं. "ही वाफ गर्भाला बाधू शकते. कुणी पोटुशी असेल तर तिथून उठवायलाच हवं. आहे कुणी?"
मी बटणं लावली नि उठले. शपथ घातलेली!

२५ नोव्हेंबर
नवऱ्याची, अबिलियोची, कबर पुसून आले. जन्मभर चिडवलं त्याला — तुझं बीच पोचट म्हणून. हसायचा बिचारा.

२८ नोव्हेंबर
शपथ मोडली. थेट मालकाला सांगितलं. सेन्योर आदेरितो गोड हसले. "बरं केलंत. काळजी घेऊ." दुपारपासून लुसीलिया बूट खोक्यात भरायला. तिथं वास नाही. मला बघून तोंड फिरवलं. फिरवू दे!

१५ डिसेंबर
तिचं कंत्राट वाढवलं नाही. फाटकापाशी म्हणाली, "तुमची जीभ त्या डब्यापेक्षा जहरी निघाली, मावशी."

९ जानेवारी
सूप घेऊन लुसीलियाकडे गेले. राग ओसरलेला. पोट दिसायला लागलंय. बाहेर कडाक्याची थंडी, खिडक्या घट्ट लावलेल्या. मालकानं काम घरी पाठवलंय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तळव्यांचा ढीग.
"बसा ना मावशी," म्हणाली. मला जागा करायला उघडा डबा स्वतःकडे ओढून घेतला.