वन्संची सत्तरी

२४ फेब्रुवारी, सोमवार
सूड घ्यायचा. ठरलं.
वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. राहते परदेशात, तोरा मात्र इथपर्यंत पोचतो. पुतण्याच्या लग्नात भर हॉलमध्ये म्हणाली, वहिनींना खुर्ची द्या रे, वय झालं त्यांचं. चार पोरं चार खुर्च्या घेऊन धावली. मी काही दमले नव्हते. भिंतीला टेकले होते ते रंग जवळून बघायला. आणि स्वतः बाई सगळ्यांना सांगत होती, मी पासष्टची. पासष्ट! मी एकोणसत्तरची आणि ती माझ्याहून वर्षाने तरी थोरली. दाखवतेच आता.

२६ फेब्रुवारी
देव पावला. नात घरच्यांसाठी प्रोग्राम करते आहे. ज्याचा वाढदिवस त्याला आपोआप शुभेच्छा, फॅमिली ग्रुपवर, एकेचाळीस माणसांसमोर, वय घालून. वय मोजायला लायब्ररी वापरते म्हणाली. मी म्हटलं, तिथे तर पुस्तकं असतात. तर तसं नाही. तारखांचं किचकट गणित आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं, आपण नुसतं वापरायचं. म्हणजे दळून आणलेलं पीठ. हे सरळ सांगायला तिला अर्धा तास लागला, आणि शिकलेली ती.
सगळ्यांच्या तारखा मला पाठ, म्हणून त्या भरायचं काम माझ्याकडे. मी नको नको म्हणून दाखवलं.

२७ फेब्रुवारी
माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. वन्संचा शाळेचा दाखला सापडला. ९ मार्च १९५५. हसू आवरेना. चहा दोनदा घेतला.
माझाही दाखला होता तिथेच. त्यावर भलतंच साल आहे. आमचे हेडमास्तर डोळ्यांनी अधू होते. घडी करून परत तळाशी ठेवला.

१ मार्च
तारखा भरल्या. नातीने बजावलं होतं, आजी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हे काय उलटं? आधी धोतर मग सदरा, तसं आधी दिवस मग महिना. मी आपल्या पद्धतीने भरल्या. धाकट्या सुनेची तेवीस-आठ टाकली तर लाल रेघ आली. थोरल्या जावयाची एकोणतीस-अकरा, पुन्हा लाल. तेविसावा महिना नसतो म्हणे. एवढी हुशार लायब्ररी, तिला एवढं कळू नये? नातीने कटकट करत लाल होत्या तेवढ्या सरळ केल्या.
वन्संची ९/३/१९५५ मात्र एका दमात गेली. लाल नाही, काही नाही. खऱ्याला आडकाठी नसते.
माझी जागा रिकामी सोडली. विनय.

३ मार्च
आजचा दिवस सोन्याचा. नातीने सगळ्यांची वयं काढून दाखवली. माझं पंचावन्न! लायब्ररीबद्दल वाईट बोलले ते मागे घेते. नात म्हणाली, तारीख रिकामी असली की कॉम्प्युटर आपल्या शून्यावर जातो, १ जानेवारी १९७०, तिथून मोजतो. मी म्हटलं, मोजू दे, त्याला जास्त कळतं. पण चिरंजीवांचा जन्म त्र्याहत्तरचा. म्हणजे मी तीन वर्षांची असताना. नात पोट धरून हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आमच्या वेळी सगळंच लवकर व्हायचं.
पेटी माळ्यावर ठेवायला तिला दिली. माझा गुडघा नाही, वेळ नव्हता.

६ मार्च
मेसेज किती वाजता? वन्सं सकाळी नऊला मैत्रिणींबरोबर चहाला बसते, तेव्हाच पाहिजे. तिकडचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. साडेपाच तास मागे आणि मिजास साडेपाच तास पुढे.
नातीने आणखी एक सोय केली. प्रोग्राम बंद पडला तर गेल्या महिन्याभरात राहिलेल्या शुभेच्छा सुरू होताच जातील. म्हटलं, वा, सुटका नाही.
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, जाऊ दे ना. यांचं आयुष्यभर हेच.

९ मार्च, रविवार
सकाळी १०. ग्रुपवर कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत. प्रोग्राम देणार म्हणून सगळे निवांत. छान.
दुपारी २.३०. मोबाईल समोर. चष्मा पुसून.
२.३५. नेट हळू असेल.
३.१०. काही नाही. ह्यांनी घोरायला सुरुवात केली. मुद्दाम.
६. नात मैत्रिणीकडून आली. बघितलं आणि कपाळाला हात लावला. वर्ष शेवटी टाकलं की ती लायब्ररी पहिला आकडा महिन्याचा धरते; ९/३ म्हणजे नववा महिना, तिसरा दिवस. सूड सप्टेंबरात होता. म्हणून लाल रेघ आली नाही. म्हटलं, सरळ कर, आत्ता. तिने तारीख सरळ केली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला.
६.१०. गेला! "वन्सं, सत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!" एकेचाळीस माणसांसमोर. मी टाळ्या वाजवल्या.
६.११. पाठोपाठ दुसरा. "आजी, त्र्याहत्तराव्या वाढदिवसाच्या उशिरा शुभेच्छा!"
नात म्हणाली, पेटी ठेवताना तुझा दाखला दिसला. तुझी जागा रिकामी बरी दिसेना, म्हणून भरली. १७ फेब्रुवारी. महिन्याभरातली राहिलेली, म्हणून गेली. पोर खुशीत होती.
६.३०. वन्संचं उत्तर. तिने सकाळीच मैत्रिणींना सत्तर सांगून टाकलं होतं, केकवर आकडासुद्धा घातला होता. फोटो आहे. खाली लिहिलंय, "वहिनी, तुम्ही त्र्याहत्तर? म्हणजे मी खुर्ची योग्य माणसालाच दिली होती."
चाळीस जणांनी अंगठे दिले. ह्यांनीही.

१० मार्च
हेडमास्तर अधू नव्हते बहुतेक.
सप्टेंबरात वन्सं येणार आहे. तेव्हा बघून घेते. गुडघा ठणकतोय. खुर्चीत बसून लिहिते आहे.